विषय कोणता टाकू? : फारसीच्या वर्गापासून लोह्याच्या ऑनलाइन फॉर्मपर्यंत

बारावीचा निकाल लागला की लोह्याच्या ऑनलाइन सेंटरांवर पंधरा दिवस पाय ठेवायला जागा नसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, बँकेचे पासबुक असे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बाप उभा असतो, बाजूला पोरगी. बी.ए. प्रथम वर्षाचा फॉर्म भरता भरता ऑपरेटर विचारतो, "विषय कोणते टाकू?" पोरगी बापाकडे बघते. बाप ऑपरेटरकडे बघून म्हणतो, "तुमाला कळतंय ते टाका की सायेब." ऑपरेटर आधीच्या पोराच्या फॉर्मवर जे होते तेच टाकतो. दोन मिनिटांत तीन वर्षांचा निर्णय होऊन जातो आणि तो निर्णय त्या पोरीने घेतलेला नसतो.

हे आम्ही दरवर्षी पाहतो. काही पोरे फॉर्म भरण्याआधी आमच्याकडे येतात. "दादा, काहीच ठरत नाही. काय घेऊ?" यावर आपल्या वस्त्यांमध्ये दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, "नोकरी लागंल ते घे." दुसरे, "बाबासाहेबांसारखा शिक." पहिले उत्तर देणाऱ्याला पाच वर्षांनी कोणती नोकरी असेल हे ठाऊक नसते. दुसरे उत्तर देणाऱ्याला बहुतेक वेळा बाबासाहेब नेमके कसे शिकले हे ठाऊक नसते. जयंतीच्या बॅनरवर पदव्यांची लांबलचक यादी असते, पण त्या पदव्यांचे विषय कसे ठरले, हे कोणी सांगत नाही.

म्हणून हा लेख. आमचे म्हणणे सरळ आहे. विषय न ठरणे हा आपल्या पोरांचा दोष नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांना विषय निवडूच दिला नाही, त्यांच्या लेकरांना निवडायला वेळ लागणारच. तो वेळ त्यांना मिळवून देणे ही चळवळीची जबाबदारी आहे. आणि बाबासाहेबांच्या शिक्षणाचा इतिहास सांगतो की आधी प्रश्न ठरतो, विषय त्याच्यामागून येतो.

आधी विषयच नाकारला

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्यासमोर "कोणता विषय घेऊ" असा प्रश्नच नव्हता. "कोणता विषय घेऊ देतील" असा प्रश्न होता.

भीमाने संस्कृत शिकावे अशी रामजी सुभेदारांची इच्छा होती. संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्य मुलांना शिकवायला नकार दिला. भीमाच्या थोरल्या भावाच्या वाट्यालाही हेच आले होते. दोघांनाही फारसी घ्यावी लागली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. टक्के काढले तर ३८ सुद्धा भरत नाहीत. आज एखाद्या पोराला एवढे गुण पडले तर घरचे लोक त्याला "तुझ्याच्यानं शिक्षण होत नाही" म्हणून दुकानावर बसवतील. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातही त्यांनी फारसीच घेतली. संस्कृत ते नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकले.

या नकाराचे पुढे काय झाले ते पाहा. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. प्रस्तावनेत त्यांना स्वतःहून सांगावे लागले की संस्कृत भाषेवर आपले प्रभुत्व आहे असा आपला दावा नाही, पण अनुवादांमधून वर्षानुवर्षे हे साहित्य आपण अभ्यासले आहे आणि त्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. आधी वर्गाचे दार बंद करायचे आणि चाळीस वर्षांनी "तुम्हाला संस्कृत कुठे येते?" असे विचारायचे. एखाद्या समाजाला एखादा विषय नाकारला म्हणजे त्या विषयात त्याच्याबद्दल जे लिहिले गेले, ते तपासायचा अधिकारच नाकारला.

हा विषय पुढे एका बाईने हिसकावून घेतला. नागपूरच्या कुमुद पावडे. पूर्वाश्रमीच्या सोमकुवर. त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केले आणि संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. 'अंतःस्फोट' या आत्मकथनात त्यांनी तो प्रवास लिहिला आहे. महाराची पोर संस्कृत शिकते याचे लोकांना आश्चर्य, आश्चर्याच्या आत राग. एम.ए. होऊनही नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव लागले तेव्हा सरकारी महाविद्यालयात नोकरी मिळाली. ती नोकरी आपल्या ज्ञानाला मिळाली की नवऱ्याच्या जातीला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आहे. ज्या मुलींना आज सांगितले जाते की "तो विषय आपल्या लोकांचा नाही", त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

आणखी मागे गेलो तर महात्मा फुले भेटतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी नुसत्या शाळा मागितल्या नाहीत. शाळेत काय शिकवावे हेही मांडले. मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे आणि नीतीचे पाठ. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या जगण्याचे ज्ञान मिळाले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. कोणी काय शिकायचे हा प्रश्न सत्तेचा आहे, हे जोतिरावांनी तेव्हाच ओळखले होते.

बाबासाहेबांचे साठ वर्ग

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वय २२. पाठीशी सयाजीराव गायकवाडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती, आणि मानेवर करार. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

तिथले पहिले काही महिने त्यांचे अभ्यासात फारसे लक्ष नव्हते, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आयुष्यात पहिल्यांदा जातीचा विटाळ नसलेल्या हवेत हा तरुण वावरत होता. मित्र, गप्पा, फिरणे यात दिवस जात होते. मग एके रात्री घराची आणि आपल्या माणसांची आठवण होऊन ते भानावर आले आणि पुढे दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला. अठरा तासांची गोष्ट आपण व्यासपीठावरून सांगतो, आधीच्या महिन्यांची सांगत नाही. पण आज गोंधळलेल्या पोराला त्या महिन्यांचीच जास्त गरज आहे.

आता त्यांनी काय काय घेतले ते बघू. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी १ असे अभ्यासक्रम घेतले. बेरीज ६०. जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवत होते, एडविन सेलिग्मन सार्वजनिक वित्त, जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन इतिहास, अलेक्झांडर गोल्डनवायझर मानववंशशास्त्र. हे घडू शकले कारण कोलंबियाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत इतिहास, अर्थशास्त्र, सार्वजनिक कायदा आणि समाजशास्त्र एका छताखाली होते. विद्यार्थ्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता येत होते.

या आकड्यांकडे नीट पाहा. निम्म्याच्या आसपास वर्ग एकाच विषयाचे आहेत, म्हणजे हा माणूस भरकटलेला नाही. पण उरलेले निम्मे सात विषयांत विखुरलेले आहेत, म्हणजे त्याने स्वतःला एका कोनाड्यात बंदही केलेले नाही. मुख्य विषय एक, आणि शेजारी बाकीचे. या सगळ्यांना बांधणारा धागा त्यांचा प्रश्न होता. आपला माणूस गरीब आणि अस्पृश्य का आहे, आणि ते कसे बदलेल? गरिबीसाठी अर्थशास्त्र लागते. अस्पृश्यतेसाठी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र लागते. बदलासाठी राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि पुढे कायदा लागतो.

आता यातली सगळ्यात बोलकी गोष्ट. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीच्या बाहेर लग्न करायला बंदी हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे, ही मांडणी त्यात आहे. आपल्या चळवळीच्या विचाराचा पाया घालणारा हा निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात वाचला गेला नाही. तो वाचला गेला गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, म्हणजे ज्या विषयाचे फक्त चार अभ्यासक्रम त्यांनी घेतले होते, तिथे. आजच्या भाषेत बोलायचे तर 'मेजर'मधून नाही, 'मायनर'मधून. कोलंबियात त्यांना कोणी "तू अर्थशास्त्राचा, तुझे इथे काय काम?" असे म्हटले असते तर आपल्याला तो निबंध मिळाला नसता.

आणि जे मुख्य होते, त्या अर्थशास्त्रानेही तोच प्रश्न सोडला नाही. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे हा मूळ रोग नाही. शेतीवर पोट भरणाऱ्या माणसांची संख्या जास्त आहे आणि त्यांना दुसरे काम नाही, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. लोहा-कंधारच्या दीड-दोन एकरवाल्या माणसाला हे आजही समजावून सांगावे लागत नाही. दहा वर्षांनी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले. अर्थशास्त्र शिकलेला माणूस वतनाकडे गुलामीचा हिशेब म्हणून बघू शकतो.

हा रस्ता सरळ नव्हता. १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्हीकडे नाव घातले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. बॅनरवर या पदव्या एका ओळीत येतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये तीन वर्षांची खाच आहे. शिक्षणात खंड पडला म्हणजे माणूस संपला असे ज्यांना वाटते, त्यांनी ही खाच लक्षात ठेवावी.

मराठवाड्याला खोली कोणी दिली?

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेब ते बाबासाहेब. आमच्या पोरांना कुठले कोलंबिया? बरोबर आहे. हा प्रश्न बाबासाहेबांनाही पडला होता, आणि त्यांनी उत्तर भाषणात न देता महाविद्यालय काढून दिले.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याचा पोरगा पुढे शिकणार तर कुठे? १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएटपर्यंतचे सरकारी कॉलेज निघाले. कंधार-लोह्याकडच्या दलित पोराला आधी शाळा मिळायची मारामार, मग परकी भाषा, मग हैदराबादचा खर्च. मुंबईत संस्कृतने दार लावले, इथे अंतर, भाषा आणि पैसा या तिघांनी मिळून लावले. विषय निवडण्याची वेळच आली नाही.

१९४८ साली पोलिस कारवाईनंतर निजामी राजवट संपली आणि दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली झालेच होते. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे नाव मिळाले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. या नावांचा अर्थ आपल्या पोरांना सांगितला पाहिजे. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारतो आणि समाधान झाल्यावर त्यांचा उपासक होतो. म्हणजे हे महाविद्यालय प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचे आहे. जो आधीच सगळे ठरवून आला आहे त्याच्या नावाचे नाही.

त्याच १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाड्यातल्या गरिबाच्या पोराला पहिल्यांदाच घराच्या आसपास निवडायला काहीतरी मिळाले. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून मिलिंदमध्ये बी.ए. करायला आलेले सुखदेव थोरात अर्थशास्त्रात शिरले, जेएनयूत पीएच.डी. केली आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मिलिंदच्या मराठी विभागात गंगाधर पानतावणे होते; त्यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांची एक अख्खी पिढी लिहिती केली. एकाच आवारातून अर्थतज्ज्ञही घडला आणि साहित्याची चळवळही.

पुढे विद्यापीठाच्या नावासाठी काय मोजावे लागले ते नांदेड जिल्ह्याला सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि दंगली पेटल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्याच्याशी आज लोह्याची महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यापीठाच्या पाटीसाठी ज्यांनी जीव दिला, त्यांची नातवंडे आज विद्यापीठाच्या फॉर्मवर विषय कोणता लिहायचा हे ऑपरेटरला विचारतात. ही खंत आम्हाला आहे.

कला की विज्ञान? खरा वाद कशाचा आहे

लोहा नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला लातूर पॅटर्न. दहावीला बरे गुण पडले की पोरगा लातूरला, सायन्सला. कमी पडले की गावातच आर्ट्सला. पोराला काय आवडते हे कोणी विचारत नाही. टक्के विषय ठरवतात आणि क्लासची फी गाव ठरवते.

इथे आमचे काही कार्यकर्ते बाबासाहेबांचा हवाला देतात. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी म्हटले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आपल्या समाजाला फारसा उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. मग अर्थ काढला जातो की आर्ट्स घेणारा बाबासाहेबांच्या विरोधात.

निवेदन पुढे वाचा. विज्ञानाचे शिक्षण अस्पृश्यांना परवडत नाही, म्हणूनच आईबाप मुलांना कला आणि कायद्याकडे पाठवतात. सरकारने पैसा दिल्याशिवाय ते दार उघडणार नाही, असे त्यात आहे. त्यांचा मुद्दा कलेच्या विरोधात नव्हता. आपला पोरगा कला घेतो ते मनाने घेत नाही, खिसा रिकामा म्हणून घेतो, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जी आज आपण 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणून ओळखतो, ती या लढ्यातून आली.

हाच वाद अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्येही झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्केगी येथे सुतारकाम, शेती, विटा पाडणे असे हाताचे शिक्षण दिले. डब्ल्यू.ई.बी. डू बॉइस यांनी १९०३ साली त्यांच्यावर टीका केली की फक्त हाताचे काम शिकवाल तर आमचा माणूस कायमचा मजूर राहील. त्याला विद्यापीठाचे शिक्षणही हवे. डू बॉइस स्वतः हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञानाकडे ओढले गेले होते, पण त्यावर पोट भरणे अवघड हे पाहून इतिहास आणि समाजशास्त्राकडे वळले, आणि १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले काळे विद्यार्थी झाले. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

आणि लातूर पॅटर्नचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते प्राचार्य जनार्दन वाघमारे कोणत्या विषयाचे? इंग्रजी साहित्याचे. अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याचे ते अभ्यासक, आणि नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. डॉक्टर-इंजिनिअर घडवणारा पॅटर्न एका आर्ट्सच्या माणसाने उभा केला, हे आर्ट्सला हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा आमचा मुद्दा असा की ज्याला विज्ञानाची ओढ आहे त्या पोराला पैशाअभावी आर्ट्सला जावे लागणे अन्याय आहे. ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याला नातेवाइकांच्या धाकाने नीटच्या क्लासला कोंबणे हाही अन्यायच. मध्ये उभ्या असलेल्या, अजून काहीच न ठरलेल्या पोराला दोन्हीकडून ओढणे हा तिसरा अन्याय.

गोंधळाची किंमत सगळ्यांना सारखी नाही

शहरातल्या सुखवस्तू घरातला पोरगा इंजिनिअरिंगचे एक वर्ष करून "मला हे जमत नाही" म्हणतो, डिझाइनला जातो, तेही सोडून एमबीए करतो. त्याला लोक "शोधतोय" म्हणतात. आपला पोरगा बी.एस्सी.चे एक वर्ष सोडून बी.ए.ला आला तर त्याला "वाया गेला" म्हणतात. गोंधळ दोघांचा सारखाच. फरक आहे तो घरात शिल्लक किती यात.

हा फरक नियमांतही आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांनुसार मंजुरीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्याचे दुसरे घेतले, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम. केले, तर दुसऱ्यासाठी शिष्यवृत्ती नाही. सरकारी पैशाला शिस्त हवी, हे मान्य. पण याचा अर्थ हाच की विषय चुकण्याची मुभा श्रीमंताला आहे, गरिबाला नाही. चुकण्याची मुभा नसलेल्या पोराचा विषय दोन मिनिटांत ऑपरेटरने ठरवावा, यासारखा विरोधाभास नाही.

त्यात आता नवे शैक्षणिक धोरण आले. 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द फॉर्मवर आले. शेजारचा विषय घेण्याची सोय होते, हे चांगलेच आहे. बाबासाहेब कोलंबियात तेच करत होते. पण त्याच धोरणात एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, लग्नाचा तगादा लागलेली पोरगी त्यातून पहिल्या वर्षीच बाहेर पडेल आणि कागदावर तिची गळती दिसणारही नाही. दार येण्यासाठी आहे की जाण्यासाठी, यावर आपल्या संघटनांनी नजर ठेवली पाहिजे. शिवाय धोरणात विषय कितीही असोत, तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागाच भरल्या नाहीत तर निवड फक्त फॉर्मवर राहते.

आम्ही स्वतः समाजशास्त्र घेतले ते ठरवून घेतले नव्हते. गल्लीतल्या एका दादाकडे त्या विषयाची जुनी पुस्तके होती, ती फुकट मिळाली, म्हणून घेतले. पुढे गोडी लागली, एम.ए. झालो. पण पुस्तके नसती तर काय, हा विचार आजही येतो.

मग करायचे काय?

ज्याचे ठरले नाही त्या पोरांना आमचे सांगणे असे :

१. विषयाआधी प्रश्न लिहा. गावात, घरात, वस्तीत कोणती गोष्ट तुम्हाला सारखी टोचते? पाणी, दारू, शेतमजुरी, आईचे आजारपण, ॲट्रॉसिटीची केस, काहीही. एका कागदावर तीन प्रश्न लिहा. मग बघा ते कोणकोणत्या विषयांत शिकवले जातात. आईच्या आजारपणाचा प्रश्न नर्सिंगकडे नेतो, तसाच तो अर्थशास्त्राकडेही नेतो.

२. फॉर्म भरण्याआधी त्या विषयाचे पुस्तक हातात घ्या. प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून आठ दिवसांसाठी मागा. दहा पाने वाचून अकरावे वाचावेसे वाटते का ते पाहा. नावावरून विषय घेऊ नका.

३. एक मुख्य धरा, दोन शेजारी ठेवा. मुख्य विषयात खोल जा. शेजारचे विषय दार उघडे ठेवण्यासाठी असतात.

४. नियम आधी वाचा. विषय किंवा महाविद्यालय बदलायचे असेल तर समाजकल्याण कार्यालयात विचारून, लेखी मंजुरी घेऊनच बदला. वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करा. पुढे परदेशी जायचे असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, हे पहिल्या वर्षापासून डोक्यात ठेवा.

५. मुलींनी आपला फॉर्म स्वतः भरावा. ऑपरेटरने "काय टाकू?" विचारले की उत्तर तुमच्या तोंडून गेले पाहिजे.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा प्रत्येक विहारात जुन्या पाठ्यपुस्तकांच्या कपाटासाठी काढा. निकालानंतरचे पंधरा दिवस विहारात शिकलेली माणसे बसवा : एक विज्ञानाचा, एक कलेचा, एक आयटीआयचा, एक नर्सिंगची बाई. पोरांनी तिथे येऊन मिलिंदासारखे प्रश्न विचारावेत, आपण नागसेनांसारखे उत्तर द्यावे, आणि ज्याचे उत्तर येत नाही तिथे येत नाही म्हणून सांगावे. ऑनलाइन सेंटरला जाण्याआधी पोरगी विहारात आली पाहिजे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

भीमाला संस्कृतच्या वर्गात बसू दिले नाही, कारण त्याने काय शिकावे हे दुसऱ्याच कोणी ठरवले होते. आज वर्ग उघडे आहेत. तरीही लोह्याच्या पोरीने काय शिकावे हे जर दुसराच कोणी ठरवत असेल, तर ते काम अजून अपुरे आहे. ते आपण पूर्ण करू.

जय भीम! नमो बुद्धाय!